बोटात सुई गेली, आता काय? – वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

शिलाई युनिटमध्ये हाताला होणाऱ्या इजांविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं. नांदगाव पेठ, बुटीबोरी, हिंगणघाट, यवतमाळ अशा भागांतून पत्रं आली. सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. पत्रं पाठवणाऱ्या बहुतेक जणी अजून त्याच कामावर आहेत, म्हणून त्यांची आणि कारखान्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : सिंगल नीडल मशीनवर कॉलर लावताना सुई डाव्या हाताच्या पहिल्या बोटात गेली. मेकॅनिकनं पकडीनं ओढून काढली, पट्टी बांधली अन् अर्ध्या तासात मी परत लाईनवर बसली. सुईचं टोक काही सापडलं नाही. आज तिसरा दिवस आहे. बोट ठणकते, सरळ होत नाही. सुपरवायझर म्हणते, होईल बरं. दवाखान्यात जाऊ का? (अमरावती तालुका)

ताई, आजच जा, अंक खाली ठेवून निघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा एक्स-रे नसतो, म्हणून सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. "मशीनची सुई बोटात गेली, टोक सापडलं नाही" हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. समोरून आणि बाजूनं असे दोन्ही एक्स-रे काढायला सांगा. एकाच बाजूनं काढला तर हाडाच्या आड बसलेला तुकडा दिसत नाही.

तुमच्या पत्रातली "बोट सरळ होत नाही" ही गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त खटकली. बोट वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, एका आवरणातून सरकते. त्या आवरणात पू झाला तर चार खुणा दिसतात : बोट आपोआप किंचित वाकलेलं राहतं, पूर्ण बोट एकसारखं सुजतं, तळहाताकडच्या बाजूनं बोटाच्या लांबीभर दाबलं की दुखतं, आणि दुसऱ्यानं बोट हळूच सरळ करायचा प्रयत्न केला की जीव जातो. यातली एखादी खुण दिसली तरी थांबू नये. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, बऱ्याचदा आवरण उघडून धुवावं लागतं. उशीर झाला तर कंडरा कायमची चिकटते आणि ते बोट पुन्हा मुठीत येत नाही. मधुमेह असेल तर हे सगळं आणखी वेगानं होतं.

सुईची जखम वरून दिसते तेवढीच आत नसते. सुई बहुधा नखातून किंवा बोटाच्या पेरातून आरपार जाते, हाडाला लागते, आणि मशीनचं तेल, कापडाचा धागा, घाम सगळं आत नेते. शिवणाचा दोरा सुईच्या टोकाजवळच्या नेढ्यातून जातो, म्हणून सुई बोटात गेली की दोराही गेलेला असतो. पॉलिस्टरचा दोरा एक्स-रेत दिसत नाही. एक्स-रे साफ आला तरी जखम भरून परत परत पाणी येत असेल, तर आत दोरा राहिला असण्याची शक्यता डॉक्टरांना सांगा.

हे सगळ्याच जणींसाठी : सुई बोटात असताना मशीन अडकली, तर ओढाओढ करू नका. पाय पॅडलवरून काढा, शेजारणीला स्विच बंद करायला सांगा, फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर उचला आणि हातचाक हातानं हळू फिरवून सुई वर आणा. सहज वर येत नसेल तर सुईचा स्क्रू ढिला करून सुई मशीनमधून सोडवा, बोटातून नाही. खालचा-वरचा दोरा कात्रीनं कापा आणि सुई बोटात तशीच ठेवून दवाखान्यात जा. पकडीनं ओढली की ती हाडाजवळ मोडते, आणि मोडलेलं टोक शोधायला बोट चिरावं लागतं. तुटलेले तुकडे कागदावर चिकटपट्टीनं लावा, नव्या सुईशेजारी ठेवून लांबी जुळते का बघा. ग्राहकाच्या शर्टात तुकडा जाऊ नये म्हणून प्रत्येक मोठ्या कारखान्यात तुटलेल्या सुईची नोंदवही असते. शर्टासाठी मशीन थांबते, मेटल डिटेक्टर फिरतो, तर बोटासाठी एक एक्स-रे मागणं यात गैर काहीच नाही.

जखम झाल्या झाल्या वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबून धरा. बोटाच्या मुळाशी दोरा किंवा रबर आवळू नका. मशीनचं तेल, हळद, चुना, चहापत्ती यांतलं काहीही भरू नका. अंगठी लगेच काढा, कारण सूज चढल्यावर ती कापावी लागते. धनुर्वाताची लस आरोग्य केंद्रात मोफत मिळते. शेवटची लस कधी घेतली ते आठवून सांगा. लसींचा पूर्ण क्रम झालेला असला तरी अशा खोल, तेलकट जखमेला पाच वर्षं उलटून गेली असतील तर पुन्हा घ्यावी लागते. गरोदरपणात घेतलेली लस हिशेबात धरतात, म्हणून जच्चा-बच्चा कार्ड जपून ठेवा.

प्रश्न : मी लाईन सुपरवायझर आहे. फिंगर गार्ड लावून दिला की मुली काढून टाकतात. म्हणतात, शिवण दिसत नाही, टार्गेट मागे पडते. सुयाही फार तुटतात. काय करावं? (बुटीबोरी)

मुली म्हणतात त्यात तथ्य आहे, आधी ते मान्य करा. गार्ड चुकीचा बसवलेला असेल तर खरंच शिवण दिसत नाही आणि काम अडतं. फिंगर गार्ड म्हणजे फूटच्या समोर वाकवलेली तार. ती प्रेशर बारला, म्हणजे फूट धरणाऱ्या दांडीला, बसवलेली असल्यानं फूटबरोबर वर-खाली होते. ती वाकली, तिरकी बसली किंवा जाड तारेची असली की सुईचं टोक तिच्या आड जातं. मेकॅनिकला प्रत्येक मशीनजवळ बसवून, चालवणारीच्या नजरेच्या उंचीवरून बघून ती जुळवून घ्या. तपासणी सोपी आहे. मशीन बंद ठेवा, त्या स्टाईलच्या (कपड्याच्या नमुन्याच्या) कापडाचे थर फूटखाली घाला, फूट खाली टेकवा आणि करंगळीचं टोक तारेखालून सुईकडे सरकवून बघा. कापड सरकायला हवं, बोट अडायला हवं. जीन्सची जाड शिवण आणि शर्टाचं पातळ कापड यांना एकच उंची चालत नाही, म्हणून स्टाईल बदलली की गार्ड पुन्हा बघा.

टार्गेटविषयी स्पष्ट बोलतो. मशीन मिनिटाला ४,००० टाक्यांनी चालत असेल तर सेकंदाला साठाहून जास्त वेळा सुई खाली जाते. एवढ्या वेगात "हात मागे घेईन" हा भरवसा कोणाच्याच कामाचा नाही, पंधरा वर्षं शिवणाऱ्या बाईच्याही नाही. बोट वाचतं ते तारेमुळेच. टार्गेट ठरवताना गार्ड लावलेल्या मशीनवरच वेळ मोजा. गार्ड काढून मोजलेल्या वेळेवर टार्गेट बांधलंत, तर गार्ड काढायला तुम्हीच सांगितल्यासारखं होतं.

सुया तुटण्याची कारणं बहुधा याच क्रमानं सापडतात. जाड कापडाला बारीक सुई : पातळ शर्टिंगला ९ किंवा ११ नंबर, गणवेशाच्या टेरीकॉटला १४, डेनिमला १६ ते १८ असा अंदाज धरा आणि जिथं चार-सहा थर एकावर येतात तिथं वेग कमी करा. सुई पूर्ण वर न बसवता स्क्रू आवळणं. सुई उलटी किंवा तिरकी बसणं : नेहमीच्या सिंगल नीडल मशीनवर सुईची लांब खाच डावीकडे आणि खळगी उजवीकडे, दोऱ्याचा फास पकडणाऱ्या हुकच्या बाजूला हवी. पुढून-मागून कापड ओढणं, त्यानं सुई वाकून खालच्या प्लेटवर आपटते. प्लेटच्या छिद्राला पडलेले ओरखडे. हे सगळं ठीक असूनही तुटत असेल तर हुकचं टायमिंग बिघडलंय, तिथं मेकॅनिकच हवा. ओव्हरलॉकवर (कापडाच्या कडा शिवणाऱ्या मशीनवर) सुईबरोबर चाकू आणि लूपर, म्हणजे दोरा गुंफणारे आकडेही असतात, म्हणून लूपरचं झाकण आणि डोळ्यासमोरची काच लावल्याशिवाय ते मशीन सुरू करू देऊ नका.

प्रश्न : लाईन गेली म्हणून सुई बदलायला घेतली. तेवढ्यात लाईन आली अन् मशीन चालली. थोडक्यात बोट वाचलं. (तिवसा तालुका)

लाईन गेली म्हणजे मशीन बंद झालं, असं धरू नये. स्विच चालूच असतो. पॅडलवर पायाचं वजन असेल तर वीज येताक्षणी मशीन धावतं. लाईन गेली की पहिलं काम स्विच बंद करणं आणि पाय जमिनीवर ठेवणं. भारनियमनाच्या गावांत ही सवय हेल्परपासून सगळ्यांना लावा.

जुन्या क्लच मोटरची आणखी एक अडचण आहे. स्विच बंद केल्यावरही ती काही सेकंद फिरत राहते आणि त्या उरलेल्या फेऱ्यांत पाय लागला तरी सुई खाली येते. म्हणून स्विच बंद करा, हात लांब ठेवून पॅडल एकदा दाबा, उरलेली गती संपू द्या, मग पाय काढून सुईला हात लावा. सर्व्हो मोटर बसवली तर हा धोका बराच कमी होतो, कारण पाय उचलला की ती थांबते. स्विच बंद करायचा नियम मात्र तिलाही लागू आहे. बॉबिन बदलणं, दोरा ओवणं, फूट बदलणं, सगळ्यालाच हा क्रम धरा.

प्रश्न : कटिंग मास्तरला स्टीलचा हातमोजा दिलाय, पण तो घालत नाही. गरम होते म्हणते. आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ डिग्री असते. (हिंगणघाट)

४५ अंशांत लोखंडी जाळीचा मोजा घालणं त्रासाचं आहे हे खरंच. पण उभ्या पात्याच्या कटिंग मशीननं तर्जनी आणि अंगठा जातो, आणि तेही कापडाची थप्पी दाबून धरणाऱ्या हाताचा. मोजा त्याच हातात हवा, मशीन धरणाऱ्या हातात नाही. आत पातळ सुती मोजा घाला, दोन-तीन जोड ठेवून भिजला की बदला. तीन बोटांचा मोजा मिळतो, तो थोडा मोकळा असतो. पट्टा मनगटाला घट्ट हवा. ढिला मोजा स्वतःच अडकतो. जाळीची एक कडी तुटली तरी तो मोजा बाजूला काढा. साधा कापडी किंवा रबरी मोजा फिरत्या पात्याजवळ कधीच नको, पातं तो आत ओढतं. मोजा धातूचा असल्यानं मशीनची वायर सोललेली नाही ना आणि अर्थिंग ठीक आहे ना, हे रोज सकाळी बघा.

मोज्यापेक्षाही मोठी चूक पात्यापुढच्या गार्डच्या उंचीची असते. गार्ड थप्पीच्या वर बोटभर उंच ठेवलेला असतो. तो थराला जवळजवळ टेकला पाहिजे. बोथट पातं जोर लावायला लावतं आणि जोरात हात घसरतो, म्हणून धार वेळच्या वेळी लावा. थप्पी हातानं धरण्याऐवजी क्लॅम्प लावा. पातं बदलताना स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा.

प्रश्न : बोटाचं टोक तुटून पडलं तर गावातून नागपूरपर्यंत काय करायचं? (चांदूर रेल्वे)

जखमेवर स्वच्छ जाळीचं कापड दाबून धरा, हात छातीच्या वर उचलून ठेवा, १०८ ला फोन करा. तुटलेला तुकडा स्वच्छ पाण्यानं किंवा सलाईननं हलका धुवा, घासू नका. ओलसर, पिळलेल्या जाळीच्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. ती पिशवी बर्फ आणि पाणी मिसळलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर गोठून मरतो, पाण्यात बुडवला तर फुगतो, आणि दोन्ही प्रकारांत जोडता येत नाही. असा थंड ठेवलेला बोटाचा तुकडा बारा तासांहून जास्त वेळही टिकू शकतो, म्हणून अमरावती ते नागपूर हे दीडशे किलोमीटर आवाक्याबाहेरचं अंतर नाही. तापलेल्या गाडीत खिशात ठेवलेला तुकडा मात्र लवकर निकामी होतो.

निघण्याआधी जवळच्या रुग्णालयात रक्तस्राव थांबवून घ्या आणि पुढे प्लास्टिक सर्जन आहे का, हे त्यांच्याकडूनच फोन करून विचारून घ्या. नाहीतर तीन ठिकाणी फिरण्यात वेळ जातो. शस्त्रक्रियेत भूल द्यावी लागते, म्हणून वाटेत चहा-पाणीही देऊ नका. अंगठा किंवा एकाहून जास्त बोटं गेली असतील तर जोडण्याचा प्रयत्न सहसा केला जातो. नुसतं मांसाचं टोक गेलं असेल आणि हाड उघडं नसेल तर बऱ्याचदा फक्त ड्रेसिंगवर भरून येतं. चिरडलेलं बोट नेहमी जोडता येत नाही. पण हे ठरवणं डॉक्टरांचं, तुकडा मात्र सोबत हवाच, कारण त्याची कातडीही कामी येऊ शकते.

बोट जोडल्यावर खर्रा, तंबाखू, बिडी पूर्ण बंद. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडलेलं बोट काळं पडतं. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही हे बजावून सांगा.

प्रश्न : मी ठेकेदाराकडून कामावर आहे. पहिल्या बोटाचं टोकाचं पेर गेलं. मालकानं खाजगी दवाखान्याचे पैसे दिले आणि म्हणाले, "कागद नको करू." आता काम जमत नाही. काही मिळेल का? (यवतमाळ)

मिळायला हवं, आणि कागद नसताना ते मिळवणं अवघड जातं, म्हणून कागद करायला लगेच लागा.

आधी कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू आहे का बघा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला तो लागतो. कामगाराचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत हवा. पगारपत्रकात ०.७५ टक्के कपात दिसते, मालक ३.२५ टक्के भरतो. ठेकेदाराचा कामगारही यात येतो. ठेकेदारानं पैसे भरले नाहीत तर जबाबदारी मूळ मालकाची. तुमची नोंदणीच केली नसेल तरी तुमचा हक्क जात नाही, ईएसआय महामंडळ मालकाकडून वसूल करतं. कामावरच्या अपघातासाठी किती महिने वर्गणी भरली, अशी अटही नाही. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिलं, की ईएसआय डॉक्टरांच्या दाखल्यावर सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते. रोज ४०० रुपये असेल तर ३६०. "दोन दिवसांत ये, बसून काम कर" या आग्रहाला म्हणूनच बळी पडू नका, विश्रांतीचा दाखला असेपर्यंत कामावर जाऊ नका. कायमचं अधूपण राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्यानुसार दरमहा रक्कम मिळते.

ईएसआय लागू नसेल तर मालकाकडून एकरकमी भरपाई. १९२३ च्या भरपाई कायद्यात ठरलेलं टक्क्यांचं कोष्टक असं आहे : अंगठा पूर्ण गेला तर ३०, तर्जनी पूर्ण १४, तिचं एक पेर ९, हाड न जाता नुसतं टोक ५, मधलं बोट पूर्ण १२, अनामिका किंवा करंगळी पूर्ण ७. उजवा-डावा फरक नाही. हिशेब करून दाखवतो. वय ३०, पगार १०,००० रुपये, तर्जनीचं एक पेर गेलं. पगाराचे ६० टक्के ६,०००, त्या वयासाठी कायद्यात ठरलेला गुणक २०७.९८, गुणाकार १२,४७,८८०, त्याचे ९ टक्के म्हणजे १,१२,३०९ रुपये. दवाखान्याचं बिल दिलं म्हणजे हे देणं फिटत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ईएसआय आणि भरपाई, दोन्ही विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत, म्हणून अर्ज करताना कामगार कार्यालयात चालू नमुना मागून घ्या.

कागद कोणते? अपघात नोंदवहीत नोंद : तारीख, वेळ, मशीन, कोणतं काम चालू होतं, कोणत्या हाताचं कोणतं बोट, कोणतं पेर, दोन साक्षीदार. त्या पानाचा फोटो काढा. नोंद करत नसतील तर हेच साध्या कागदावर लिहून रजिस्टर पोस्टानं मालकाला आणि ठेकेदाराला पाठवा, पावती ठेवा. तुमच्या त्या खाजगी दवाखान्यातून केसपेपर आणि एक्स-रे मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. केसपेपरवर "कामावर मशीनमध्ये लागलं" असं लिहिलेलं असावं. घाबरून "घरी विळीनं कापलं" सांगितलं की पुढची सगळी दारं बंद होतात, आणि असं सांगायला लावलेल्या बाया आमच्या पत्रांत एक-दोन नाहीत. कारखान्यात अपघातानं ४८ तासांहून जास्त काम बंद राहिलं तर मालकानं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचं असतं. त्यांनी कळवलं नसेल तर तुम्ही लेखी कळवू शकता.

प्रश्न : रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होतात, हात झटकला की बरं वाटते. दिवसभर धागे कापायचं काम आहे. (मूर्तिजापूर)

हे मनगटातली नस दबल्याचं लक्षण दिसतं. धागे कापायच्या कटरची स्प्रिंग कडक असेल तर बदला, बोथट असेल तर धार लावा, मनगट वाकवून काम करू नका आणि तासाभरानं काम बदलून घ्या. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोपा. अंगठ्याच्या मुळाचं मांस बारीक होऊ लागलं किंवा हातातून वस्तू पडू लागल्या, तर हाडाच्या डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.

प्रश्न : आमच्या बचत गटाचं शिलाई केंद्र आहे, आठ मशीन, एक वाफेची इस्त्री. गणवेशाचं काम असते. आम्हाला ईएसआय नाही. काय काय ठेवावं? (समुद्रपूर तालुका)

पेटीत निर्जंतुक जाळीच्या पट्ट्या, रोलर पट्टी, चिकटपट्टी, सलाईनची बाटली, साबण, पोव्हिडोन आयोडीन, चिमटा, स्वच्छ कात्री, तोंड बंद होणाऱ्या दोन प्लास्टिक पिशव्या. पेटीला कुलूप नको. भिंतीवर १०८, जवळच्या एक्स-रे असलेल्या रुग्णालयाचा आणि गावातल्या गाडीवाल्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. आठही मशीनला फिंगर गार्ड आणि बेल्ट गार्ड बसवा. ओढणी-पदर खोचून आणि केस बांधूनच बसायचं.

इस्त्रीचा किंवा वाफेचा चटका बसला तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरा. टाकीचं पाणी उन्हानं तापलेलं असेल तर माठातलं घ्या. बर्फ, टूथपेस्ट, तूप नको. फोड फोडू नका. फोड तळहातावर, सांध्यावर किंवा बोटाला वेढून असेल, किंवा कातडी पांढरी पडून दुखेनाशी झाली असेल, तर दवाखाना.

विम्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये जातात, वय १८ ते ७०, मुदत १ जून ते ३१ मे. पण नीट समजून घ्या : यात एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची नजर कायमची गेली तर एक लाख मिळतात, एखादं बोट गेलं तर काहीच नाही. म्हणून गटानं दर महिन्याच्या बचतीतून थोडी रक्कम इजेसाठी वेगळी काढावी. ती कोणाला, किती आणि किती दिवसांत द्यायची हे बैठकीत ठरवून ठरावाच्या वहीत लिहावं, आणि एक्स-रे व गाडीभाड्याचा खर्च त्यातून लगेच, बैठकीची वाट न बघता द्यावा.